गंगाराम पथकात जातो

चौतीस वर्षांचा, मिशीवाला, बायकोचा नवरा असलेला गंगाराम धोंडू गोताड बालवीर व्हायचं म्हणून हटून बसला, तेव्हा रत्नागिरीत पुष्कळ लोक हसले. हसणाऱ्यांना हसायला कारण होतं, त्यात त्यांचा दोष नाही. पण हसून झाल्यावर एकानेही त्याला विचारलं नाही, की बाबा रे, तुला हे का हवं? विचारलं असतं तरी त्याला धड सांगता आलं नसतं म्हणा. ते ज्याचं त्यालाच ठाऊक असतं.

गंगाराम मूळचा हातखंब्याकडच्या एका वाडीतला. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्याने वाढवला. चुलता वाईट नव्हता. दोन वेळ भात घातला, अंगावर कपडा दिला. पण वाडीतली पोरं विटीदांडू खेळत तेव्हा गंगाराम चुलत्याची गुरं राखत असे. शिमग्याला पालखी दारात आली की खांद्यावर घेऊन नाचवायचा मान घराकडे येई, आणि घरात तीन चुलतभाऊ त्याच्या आधी उभे असत. चौथ्याचा खांदा लागेपर्यंत पालखी पुढच्या दारात गेलेली असे. सोळाव्या वर्षी तो मुंबईला गिरणीत लागला, तोही बदली म्हणून. कोणी आजारी पडला, कोणी गावी गेला, की त्याच्या मागावर हा उभा राहायचा. मूळचा माणूस परत आला की हा पुन्हा दरवाज्याबाहेर. आठ वर्षं असं दुसऱ्याच्या जागी उभं राहून छातीत कफ भरला आणि डॉक्टरने गावची हवा सांगितली. तिथून तो रत्नागिरीत एका शाळेत शिपाई म्हणून चिकटला. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, मास्तरांना पाणी द्यायचं. काम त्याला आवडे आणि तो ते नेकीने करी. पण थोडक्यात सांगायचं, तर चौतीस वर्षांत या माणसाला कोणी कशात घेतलं नव्हतं. सगळीकडे तो होता, आणि कशातच नव्हता.

शाळेत शेवडे मास्तर आले आणि त्यांनी बालवीरांचं पथक काढलं. मास्तर देशावरचे, साताऱ्याकडचे. अंगाने काडी, पण गळ्यातली शिट्टी फुंकली की मांडवीच्या बंदरावरची कुत्री भुंकायला लागत. संध्याकाळी मैदानावर दहा पोरं जमत. गाठी मारत, काठ्यांचा झोपाळा करून खोट्या जखमी माणसाला उचलत, हातात निशाणं घेऊन लांबून एकमेकांशी बोलत. ते बोलणंही मास्तरांनी स्वतः बसवलेलं, मराठी अक्षरांच्या खुणांचं. व्हरांडा झाडता झाडता गंगारामचा झाडू थांबायचा. एकच पायरी दहा-दहा वेळा झाडली जायची. शाळेची ती पायरी त्या वर्षी फारच चकचकीत होती.

शेवटी एके दिवशी तो मास्तरांपुढे जाऊन उभा राहिला.

"मास्तर, मना पथकात घ्या."

"सामान उचलायला का? तो तू आहेसच की."

"सामान उचलाया नाय. पोरांसारखा. वचन घेन, रुमाल बांधीन."

मास्तरांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. उन्हातान्हाने भेगाळलेले पाय, शिपायाचा पट्टा, वर झुपकेदार मिशी. बालवीरांच्या पहिल्या पायरीला 'कोमलपद' म्हणतात. त्या पायांकडे बघून मास्तरांना हसू आवरेना. पण समोरचा माणूस हसत नाही, हे लक्षात आल्यावर ते गप्प झाले.

"अरे, वय बसत नाही. अठराच्या वर घेत नाहीत."

"लिवून तरी बघा वर कोनाला."

मास्तर मनाचे चांगले होते. त्यांनी खरंच लिहिलं. जिल्ह्याच्या बालवीर कमिशनर साहेबांचं महिन्याभराने उत्तर आलं. नाताळच्या सुट्टीत मी तुमच्या शिबिराला येणार आहे, तेव्हा त्या इसमास पाहीन. तोवर कोमलपदाच्या सर्व परीक्षा त्याने इतरांप्रमाणेच द्याव्यात, सूट मिळणार नाही. नकार नव्हता, होकारही नव्हता. पण गंगारामने ते पत्र मास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं.

सगुणा भाकरी थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "मग मिशी भादरून जाताव का तशेच?"

"तसाच."

"बरा झाला. नायतर घरात कोन आला ता मना कळला नसता." असं म्हणून ती इतकी हसली की भाकरी तव्याच्या बाहेर पडली. पण दुसऱ्या दिवशी तिने त्याची जुनी खाकी चड्डी उसवून नव्याने शिवायला घेतली, हेही सांगायला हवं.

परीक्षा सुरू झाल्या. गाठींच्या परीक्षेत गंगारामने पोरांना मागे टाकलं. गवताचे भारे आणि बैलांची दावी बांधण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला गाठ काय शिकवणार? उलट दोन गाठी मास्तरांनीच त्याच्याकडून शिकून घेतल्या. दोन काड्यांत चूल पेटवायची होती. त्याने एकाच काडीत पेटवली आणि उरलेली काडी परत केली. नियम त्याला तोंडपाठ झाले. बालवीराच्या शब्दावर जगाने विश्वास ठेवावा, हा पहिला नियम तर तो घंटा देतानाही पुटपुटायचा. अडलं ते निशाणांपाशी. शाळा दुसरीत सुटलेली, अक्षर ओळखायलाच दम लागायचा. त्यात ते अक्षर दोन हात पसरून हवेत काढायचं. 'पाणी आणा' असा निरोप द्यायला सांगितला, तर त्याने असं काही कळवलं की समोरच्या सदूने निशाणं खाली टाकली आणि पोट धरून बसला. सदू पथकात सगळ्यांत लहान, अकरा वर्षांचा, पण निशाणांत सगळ्यांचा बाप. गंगाराम दोनदा नापास झाला. आता एकच संधी राहिली होती, शिबिराची.

त्याला हाताशी धरलं अयूबने. राजिवड्याच्या खलाशांच्या घरचा हा चौदा वर्षांचा पोरगा पथकातल्या ज्या टोळीत गंगाराम घ्यायचा होता, तिचा नायक. टोळीनायकाने आपल्या गड्याला तयार करायचं असतं, हे अयूबने फार मनावर घेतलं होतं. रोज शाळा सुटल्यावर तो खाडीच्या काठावर उभा राही, गंगाराम पन्नास पावलं लांब, आणि दोघं हात हलवत बसत. येणारेजाणारे थांबून बघत. कंटाळा आला की अयूब आपल्या चाचाची, इद्रीसभायची, होडी काढी आणि गंगारामला वल्ही मारायला शिकवी. हातखंब्याच्या माणसाला समुद्राचं काही कळत नव्हतं. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते एवढंच माहीत. ती कधी येते, हे त्याला कोडं वाटे.

"त्यात काय कोडा?" अयूब म्हणाला. "चांद कितवा ता बघायचा. त्याची पाऊणपट करायची. वर दीड तास घालायचा. झाली भरती पुरी. पुढं अडीच तास होडी कुठंपण ने. नंतर खाडीच्या तोंडाशी वाळू वर येते, मग नाय."

गंगारामने ते गुरुमंत्रासारखं पाठ केलं. अयूबबरोबर होडीत बसताना अयूबच चांद सांगे, अयूबच हिशोब करी, आणि पाणी दर वेळी बरोबर वेळेला काठाला लागे. गंगारामला त्या हिशोबाचं फार कौतुक वाटे.

अठ्ठावीस साल. नाताळच्या सुट्टीत खाडीपलीकडे भाट्याला माडांच्या बागेत शिबिर पडलं. रविवारी कमिशनर साहेब येणार होते. त्यांना माणसं ने-आण करणाऱ्या तरीतून न आणता बालवीरांनीच होडीतून वल्हवत आणावं, ही कल्पना शेवडे मास्तरांची. वल्ह्यांवर अयूब आणि गंगाराम, पाहुणे मध्ये, असं सगळं ठरलं. आणि शुक्रवारी अयूब तापाने फणफणला. इद्रीसभाय येऊन त्याला घोंगडीत गुंडाळून तरीने राजिवड्याला घेऊन गेले. होडी मात्र शिबिरापाशी ठेवून गेले, कारण त्यांना स्वतःला शनिवारी कर्ल्याला लग्नाला जायचं होतं.

शनिवारी मास्तरांनी विचारलं, "गंगाराम, साहेब गावात कोणाकडे तरी जेवून निघणार. बारा वाजता आणलं तर पाणी असेल ना?"

गंगारामने बोटं मोजली. उद्या मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. वर दीड तास, साडेदहा. पुढे अडीच तास, म्हणजे एक.

"एक वाजेस्तवर बिनघोर," तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

झालं काय ते आता सांगूनच टाकलेलं बरं. राजिवड्याचे लोक चांद मोजतात तो कोर डोळ्यांनी दिसल्यापासून. गंगारामच्या वाडीत महिना मोजतात तो अमावास्या संपल्यापासून. कोर दिसते तोवर इकडे दोन तिथ्या उलटलेल्या असतात. म्हणून तर राजिवड्याच्या हिशोबात वर दीड तास घालायचा, की ते दोन दिवस भरून निघावेत. गंगारामने तिथी धरली ती आपल्या गावची आणि दीड तास घातला तो राजिवड्याचा. म्हणजे खरी भरती नऊलाच पुरी होणार होती आणि साडेअकरानंतर होडीपुरतं पाणी नव्हतं. एकाच चांदाची दोन मोजणी असू शकते, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. त्याच्या वाडीत सारे उपासतापास एकाच चांदावर चालत आले होते.

सकाळीच पलीकडून आणून ठेवलेली होडी रविवारी बारा वाजता राजिवड्याच्या काठावरून निघाली. साहेब मराठी गृहस्थ, सेवानिवृत्त, चांगले देहाने भरलेले, खाकी अर्धी विजार, पायात पॉलिश केलेले बूट, आणि चेहरा असा की त्यावर हसू शेवटचं कधी आलं ते कोणालाही सांगता येऊ नये. शेवडे मास्तर त्यांच्यासमोर अंग चोरून बसले. दोन्ही वल्ही गंगारामच्या हातात. काठावरच्या दोन कोळणी हातवारे करून काहीतरी ओरडत होत्या. साहेबांना वाटलं आपलं स्वागत चाललंय. त्यांनी टोपी उंच करून उत्तर दिलं. कोळणींनी कपाळाला हात लावला.

अर्ध्या वाटेवर होडी खालून खरवडल्यासारखी झाली. गंगारामने जोर लावला. होडी हातभर पुढे गेली आणि बसली. त्याने वल्हं पाण्यात उभं केलं, ते गुडघ्याएवढ्या पाण्यात वाळूला टेकलं. बघता बघता आजूबाजूला वाळूचा दांडा पाठ काढून वर आला. पाणी बाहेर चाललं होतं, आणि चांगलं जोरात चाललं होतं.

गंगाराम खाली उतरून होडी ढकलू लागला, पण साहेबांसकट होडी म्हणजे काही गवताचा भारा नव्हता.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"किरकोळ, किरकोळ," मास्तर म्हणाले.

साहेब किरकोळ मानणाऱ्यांपैकी नव्हते. पलीकडचा काठ समोर दिसतोय, मधे नुसता ओला पट्टा, चालत जाऊ, असं म्हणून ते ऐटीत दांड्यावर उतरले, दहा पावलं चालले, आणि दांडा जिथे संपून गाळ लागतो तिथे पोटरीपर्यंत आत गेले. एक पाय ओढून काढला तर पाय आला, बूट आला नाही. दुसरा ओढायला गेले तो पहिला पुन्हा आत. मग ते हलायचे थांबले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून, जसं काही आपल्या इच्छेनेच तिथे उभे आहोत, असे समुद्राकडे बघत राहिले.

पुढची भरती रात्री नऊला. भाट्याच्या काठावर पोरं रांगेत उभी होती, बिगूल तयार होता, पण हाक तिथवर पोचत नव्हती. वारा उलटा होता.

"निशाणं," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "होडीत निशाणं आहेत. मी पाठवतो." ते होडीतून उतरायला गेले आणि त्यांचा पाय मुरगळला. ते मटकन खाली बसले. "गंगाराम, तूच पाठव. नीट ऐक. 'साहेबांस किंचित विलंब होत आहे, मदतीस यावे.' एवढंच. रुतल्याबितल्याचं काही नको."

गंगारामने निशाणं उचलली. आपली परीक्षा आत्ता, इथे, साहेबांच्या पाठीमागे उभं राहून चालली आहे, हे त्याला लख्ख कळत होतं. आणि हेही कळत होतं की आता परीक्षेला काही अर्थ उरलेला नाही. ज्याने साहेबाला गाळात घातला, त्याला कोण घेणार? चौतीस वर्षांत एकदा दार किलकिलं झालं होतं, ते त्याने आपल्या हाताने लावून घेतलं होतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते गिळलं.

मग दांड्यावर पाय रोवून त्याने एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. घाई नाही. अयूबने शिकवलं होतं तसं, आधी मनात अक्षर, मग हात. काठावर छोटा सदू दोन पावलं पुढे आला आणि वाचू लागला. निरोप संपायला चांगला वेळ लागला. काठावर एकदम धावपळ उडाली.

"काय कळवलं त्याने?" समुद्राकडे तोंड करून उभ्या साहेबांनी मान न वळवता विचारलं.

मास्तरांनी ते वाचलं होतं. त्यांना खोटं बोलता येईना, कारण तेही बालवीरच. ते खाली मान घालून म्हणाले, "साहेब रुतले. चूक गंगारामची. दोर आणा."

एवढ्यात सदूची निशाणं हलली.

"आता काय विचारतोय तो?"

"किती रुतले, असं विचारतोय."

गंगारामने साहेबांच्या पायांकडे नीट पाहून उत्तर पाठवलं.

"हं?" साहेब म्हणाले.

"पोटरीपर्यंत, असं कळवलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पोरं दोर आणि माडाची झापं घेऊन आली. झापं गाळावर अंथरली, दोर साहेबांच्या कमरेला बांधला आणि सगळ्या पोरांनी हय्या हो करून ओढला. राजिवड्याकडून, लग्नाहून परतलेले इद्रीसभाय वाळूवरून चालत येऊन पोचले. त्यांच्या मागून, कितीही नको म्हटलं तरी, घोंगडी पांघरलेला अयूब. कोळणींनी घरी जाऊन बोंब ठोकली होती. अर्ध्या तासात साहेब माडाखाली बसले होते आणि बागेतला गडी त्यांच्या पायांवर पाणी ओतत होता. बूट एकच होता.

इद्रीसभायनी गंगारामला विचारून सगळा हिशोब ऐकला आणि कपाळावर हात मारला. "अरे गंगाराम, दीड तास आमचा आणि तिथी तुझी? अयूबने चांद कितवा ता तुला सांगितला नव्हता?" आणि मग दोन मोजण्यांचा घोळ त्यांनी सगळ्यांना समजावून दिला. पोरं हसून लोळली. गंगाराम हसला नाही. तो माडाला टेकून उभा होता आणि साहेबांकडे बघायचं टाळत होता.

साहेबांनी त्याला पुढे बोलावलं.

"तूच तो इसम?"

"व्हय साहेब."

"दोर मागितला असतास तरी काम झालं असतं. चूक कोणाची, हे साऱ्या खाडीला कळवायची काय गरज होती?"

गंगारामने अयूबकडे पाहिलं. "साहेब, भरतीचा हिशोब मना अयूबनं शिकिवलान, ता सगळ्या पोरांना ठाव हाय. होडी रुतली म्हटल्यावर पयला त्याचा नाव निघाला असता. तो आजारी. तो हितं नाय. त्याच्या पाठीमागं त्याचा नाव कशाला?"

अयूबने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली, कारण नायकाने डोळे पुसलेले टोळीने बघू नयेत.

साहेबांनी घसा साफ केला. "निशाणांत पास," ते मास्तरांना म्हणाले. "दोन्ही निरोप अचूक होते. दुर्दैवाने." मग गंगारामकडे वळले. "हे बघ. वयाचा नियम मला मोडता येत नाही. बालवीर म्हणून तुझं नाव वर पाठवलं तर परत येईल. पण पथकाला सहायक पथकनायक लागतो. त्याला वयाची अट नाही. ती जागा मी तुला देतो. पोरांच्या वरची जागा आहे. पोरं तुला सलाम करतील."

मास्तरांचा चेहरा खुलला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजवर शाळेतल्या शिपायाला असा मान कोणी दिला नव्हता. गंगाराम मात्र तसाच उभा राहिला.

"साहेब, तुमचे लई उपकार. पन ता मना नको."

"नको?"

"मना कोनाच्या वर नको." त्याने पोरांकडे हात केला. "मी सगळ्यांच्या मागं होतो जन्मभर. आता एकदम पुढं उभा केलात तरी परत एकटाच की. मना पोरांत घ्या. शेवटच्या नंबराला घ्या. पन त्यांच्यात घ्या."

साहेबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं, पण जुना दरवाजा उघडावा तसं अडखळत आलं.

"शेवडे," ते म्हणाले, "वहीत सहायक लिहा. वरच्या कचेरीला तेवढं पुरे आहे. इथे खाडीच्या अलीकडे हा कोमलपद. अयूबच्या टोळीत. बिगूल वाजवा."

बिगूल वाजला. पोरांनी घोड्याच्या नालासारखी रांग धरली. चिखलाने मांड्यांपर्यंत माखलेला, मिशीला वाळू लागलेला गंगाराम मधे उभा राहिला आणि तीन बोटं वर करून त्याने वचन म्हटलं. एक शब्द चुकला नाही. एका पायात बूट असलेल्या साहेबांनी बालवीरांच्या रीतीने त्याचा डावा हात हातात घेतला. रुमाल बांधायचा मान टोळीनायकाचा. अयूब घोंगडी टाकून पुढे आला, पण त्याचा हात गळ्यापर्यंत पोचेना, तेव्हा गंगाराम वाळूत गुडघे टेकून बसला. गळ्याशी गाठ बसली आणि इतका वेळ गिळलेलं सगळं त्याच्या डोळ्यांतून वाहू लागलं. त्याने ते पुसलं नाही, आणि कोणी हसलंही नाही.

मग तो आपल्या जागेवर गेला. नवा गडी रांगेत शेवटी. त्याच्या आधीचा सदू, त्याच्या कमरेला लागणारा. सदू समोर बघत, ओठ न हलवता कुजबुजला, "पोट आत घे." गंगारामने पोट आत घेतलं.

साहेबांसाठी चहा ठेवायचा होता. अयूबने पाळी वाचली, "पाणी, गंगाराम."

गंगाराम तीरासारखा निघाला. पाणी आणायला त्याला शिकवायला नको होतं. शिबिरात तीन दिवस पहाटे विहिरीवरून सगळं पाणी त्यानेच तर वाहिलं होतं. हंडा उचलून खांद्यावर घेतला आणि चालू लागला, तोच मागून पावलं धावत आली.

"थांब ना!" सदू धापा टाकत होता. त्याच्या हातात एक वेळूची काठी होती.

"तू कशाला आलास? मी आनतो."

"असं नाय चालत. बालवीर पाण्याला एकटा जात नाय. दोघं जातात. नियम हाय."

सदूने काठी हंड्याच्या कड्यांतून ओवली, एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं आणि दुसरं गंगारामच्या पुढे केलं. दोघांच्या उंचीत दोन हातांचं अंतर, हंडा घसरून सगळा सदूच्या अंगावर यायला लागला. तेव्हा गंगारामने टोक खांद्यावर न घेता हातात धरलं, वाकून सदूच्या उंचीला आणलं, आणि दोघं विहिरीकडे चालू लागले.